आवडते पाच अंक

आरोग्यपत्र बंद करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद नवऱ्याला झाला. "सुटलो! आता प्रत्येक घासाचं भविष्य ऐकावं लागणार नाही," तो म्हणाला.

चार वर्षं मी दर सोमवारी आयांना ई-मेलनं ते पत्र पाठवत होते. लेक पोटात असताना, खरं तर भीतीपोटीच सुरू केलेलं. बघता बघता नऊ हजार वाचक झाले. पण आता मला गोष्टी लिहायच्या होत्या. एका प्रकाशक बाईंनी मुलांसाठी कादंबरी मागितली होती. ताप-खोकला सोडून मला दुसरं काही लिहिता येतं का, हे मलाच बघायचं होतं.

निरोपादाखल वाचकांचे सर्वांत आवडते पाच अंक रोज एक असे पुन्हा पाठवायचे ठरवले. निवडही संगणकानं केली आणि पाठवणीही. मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. पहिलं प्रकरण ऐन रंगात आलं होतं.

आमची एक रीत होती. माझ्या मोठ्या जाऊबाई लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी चूक दाखवली की जुन्या अंकाला हात लावायचा नाही. पुढच्या सोमवारी सगळ्यात वर, ठळक चौकटीत दुरुस्ती द्यायची. लपवाछपवी नको म्हणून. त्या चौकटींचा मला केवढा अभिमान!

बुधवारी दुपारी लेकीला भरवत असताना एका वाचक बाईंचं पत्र आलं. "ताई, कालच्या अंकातला तक्ता देवासारखा धावून आला. बाळ आठ महिन्यांचं आहे. कालपासून चार वेळा थेंब दिले. ताप उतरला! तुम्ही बंद केलंत तर आम्ही विचारायचं कुणाला?"

तक्ता. घास माझ्या हातातच राहिला.

तापाचं औषध लहान मुलांसाठी दोन प्रकारचं मिळतं, पातळ आणि थेंबांचं. थेंबांचं फार तीव्र. त्या तक्त्यात दोन्हींच्या मापांची अदलाबदल झाली होती. दुरुस्ती पुढच्या अंकात होती. पण दुरुस्तीचा अंक कधी कुणाचा आवडता झालाय?

मी जाऊबाईंना फोन लावला.

"चौपट गेलं म्हणजे," त्या म्हणाल्या. "तेही चार वेळा. आत्ताच्या आत्ता बाळाला मोठ्या इस्पितळात न्यायला सांग."

"पण ताप उतरलाय. बाळ बरं दिसतंय, म्हणतात."

"अगं, तेच तर! हे औषध पहिल्या दिवशी काही दाखवत नाही. आतल्या आत यकृत पोखरतं. दिसायला लागलं की वेळ गेलेली असते. आज त्यावर उतारा आहे. माझ्याशी काय बोलत बसलीस, तिला गाठ!"

माझ्याकडे त्या बाईंचा फक्त ई-मेल होता. 'ताबडतोब फोन करा' असं लिहून नंबर दिला. मग नऊ हजार जणींना दुरुस्ती पाठवली. लेक "आई, अजून दे" म्हणत ताटलीत हात घालत होती. तिला पुसायचंही भान नव्हतं. वीस मिनिटांनी फोन वाजला.

"अय्या, ताई, तुम्ही स्वतः? मला खरंच वाटेना!"

"बाळाला इस्पितळात न्या. लगेच."

"कशाला? छान आहे की. आत्ताच पोटभर दूध प्यायलंय."

"तरीही. खबरदारी म्हणून."

ती हसली. "तुम्ही म्हणजे ना! 'मी घाबरट आहे' असं तुम्हीच स्वतःबद्दल लिहिता नेहमी. हे येतील सहाला, मग बघू."

सव्वादोन वाजले होते. खबरदारी हा शब्द मी चार वर्षांत इतका वापरला होता, की त्याला आता कुणी भीत नव्हतं. मीही त्याच्याच आड उभी होते.

"ऐका. तक्ता चुकीचा होता. चूक माझी आहे. तुम्ही बाळाला चौपट औषध दिलंय. बाटली सोबत घ्या, कधी कधी दिलं ते कागदावर लिहा, आणि आत्ता निघा. नवऱ्याची वाट बघू नका."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चार नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला पत्र लिहिल्यावर अजून एकदा दिलं. परत ताप येऊ नये म्हणून."

तिच्या मागे बाळ खिदळत होतं.