उत्तम नियंत्रणात

टेबलावर तीन कप चहा निवत होता आणि त्यावर हळूहळू साय धरत होती. शिंपिणीला त्या सायीकडे पाहवत नव्हते, आणि दुसरीकडे पाहावे तर समोर नणंद वही चाळत होती. बोट जिभेला लावी, पान उलटी, पुन्हा बोट जिभेला. सहा वर्षे जपलेल्या वहीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर थुंकीचे ओले ठसे उमटत होते.

नणंद आरोग्य योजनेच्या या कार्यालयात अर्ज तपासायला होती. मधुमेही रुग्णांपैकी कुणाला दंडावर चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर द्यायचा, कुणाला कमरेचा इन्सुलिन पंप, याची पहिली चाळणी तिच्या हाती. घरचेच माणूस म्हणून शिंपीण निर्धास्त होती. शेजारच्या खुर्चीत अठरा वर्षांची लेक बोटे तळव्यात मिटून बसली होती.

शिवताना सुई लागू नये म्हणून आईच्या बोटात अंगुस्तान असे. लेकीच्या बोटांना मात्र सुई मुद्दाम टोचायची, दिवसातून सात वेळा, बाराव्या वर्षापासून. रक्ताचा थेंब पट्टीवर, साखरेचा आकडा वहीत. त्यांच्या घरात ‘आलीस का’, ‘जेवलीस का’ असे कुणी विचारत नसे. ‘किती?’ एवढेच. आणि लेक न्हाणीघरातून, ऐन भांडणातून, तोंडात घास असतानासुद्धा आकडा सांगे. मायलेकींची सगळी माया त्या एका शब्दात मावली होती.

आता लेकीला परगावच्या महाविद्यालयात जागा मिळाली होती. झोपेत साखर उतरली तर हलवून जागे करायला वसतिगृहात आई नसणार. सेन्सर वाजला असता, पंप आपणहून थांबला असता. ती यंत्रे मिळाली तर जायचे, नाही तर घरीच राहायचे. त्या अर्जात लेकीचे जाणे अडकले होते.

“वहिनी,” नणंद अखेर म्हणाली, “तुम्हाला तुमची वहीच नडली बघा.”

“म्हणजे?”

“ही जोडायला सांगितली कुणी? आम्ही मागितलीच नव्हती. वर डॉक्टरांचा शेरा, ‘आजार उत्तम नियंत्रणात.’ अहो, उत्तम चाललंय त्याला यंत्र कशाला देतील? नियमाला वर्षात दोनदा बेशुद्ध पडल्याची नोंद लागते. तीही रुग्णालयाची.”

तो शेरा शिंपिणीने घरी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला होता, परीक्षेच्या निकालासारखा. वहीही तिने अभिमानानेच जोडली होती. सहा वर्षांत कुणीतरी ती पाहावी, एवढाच मोह.

“ती पडली नाही ताई, कारण मी पडू दिली नाही.”

“तेच तर! फाटायच्या आधीच रफू करून बसलात. आता भोक दाखवा म्हटलं तर दाखवणार कुठून?” नणंद आपल्याच विनोदावर हसली आणि चहाचा घोट घेतला. सायीचा तुकडा तिच्या वरच्या ओठाला चिकटला. मग खुर्ची पुढे ओढून ती हलक्या आवाजात बोलू लागली. बोलताना तो तुकडा हलत राहिला.

“आपल्या घरातली पोर म्हणून सांगते हं, परक्याला सांगितलं नसतं. एक दिवस जरा कानाडोळा करायचा. इंजेक्शन घेतलं, जेवण लांबलं. होतं असं. हवं तर रुग्णालयाच्या दारातच बसा, म्हणजे जिवाला घोर नको. पडली की आत न्यायची. पंधरा दिवसांनी आणखी एकदा. पुढचं मी बघते.”

“आत्या, मी इथेच बसलेय.”

“मग ऐक की, बाळा! तुझ्याच भल्याचं चाललंय.”

त्या थुंकीची, त्या सायीची आणि सगळ्यांत जास्त त्या लाघवी आवाजाची शिंपिणीला किळस आली. तेलकट हात कुणी गालावरून फिरवावा तसा तो आवाज अंगाला चिकटत होता. ताडकन उठावे, चार खडे बोल सुनवावेत असे तिच्या मनात होते. पण मापे घेण्यात मुरलेले तिचे डोके तिला न विचारताच आपले काम करून मोकळे झाले होते. दुकान कुठल्या वारी बंद, रुग्णालय किती अंतरावर.

“गुरुवारी...” तिच्या तोंडून निघून गेले.

लेकीने मान वळवली. “गुरुवारी काय, आई?”

“काही नाही.”

“बघा! वहिनींच्या लक्षात आलं,” नणंद म्हणाली.

शिंपिणीने वही ओढून घेतली. “तुमची माया तुमच्यापाशीच ठेवा, ताई.” ती रुमालाने पानांचे कोपरे पुसू लागली, तशी शाई फरफटली आणि आकड्यांचे निळे डाग झाले. नणंदेची किळस करायलाही आता तिला तोंड उरले नव्हते. ती किळस उलटून तिच्याच अंगावर आली होती.

जिन्याच्या तोंडाशी ती लेकीला म्हणाली, “मी तसं काही करणार नव्हते गं.”

“वार तर ठरवलास.”

“तोंडातून गेलं.”

“दोनदाच तर पडायचंय,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

“वेड लागलंय का तुला? एक वाजायला आला, जेवायची वेळ टळून गेली.” शिंपिणीने पिशवीतला डबा चाचपला, तो तसाच भरलेला होता. मग वहीचे कोरे पान उघडून, पेन हातात धरून तिने विचारले, “किती?”

लेकीने एकदा आईकडे पाहिले, एकदा त्या पानाकडे. मग मिटलेली मूठ न उघडता ती जिना उतरून गेली.