बारावं पत्रक

प्रत्येक शिक्षकाचा तास मुख्याध्यापकाने वर्षातून दोनदा बघायचा, मागच्या बाकावर बसून, हातात निरीक्षणाचं पत्रक घेऊन, असा त्या शाळेचा नियम होता. मुख्याध्यापक बाई तो काटेकोर पाळत. गणिताच्या सरांकडे दोनदा, भाषेच्या बाईंकडे दोनदा, चित्रकलेच्या सरांकडे म्हणायला दोनदा, कारण दुसऱ्या वेळी सर रंगाच्या डब्याचं झाकण उघडत बसले आणि तेवढ्यात तास संपला. आणि इतिहासाच्या सरांकडे अकरा वेळा.

इतिहासाचे सर म्हणजे बाईंचे यजमान.

ही अकराची भानगड कुणी शोधून काढली नाही. बाईंनी स्वतःच लिहून दिली. वर्षाचा तक्ता संस्थेकडे पाठवायचा होता आणि कपाटात सरांच्या नावाची अकरा पत्रकं होती. दुसरी कुणी असती तर नऊ फाडून टोपलीत टाकली असती आणि वर चहा मागवला असता. बाईंना ते सुचलंसुद्धा नाही. ज्या तासाला बसलो त्याचं पत्रक भरायचं आणि भरलेलं पत्रक तक्त्यात धरायचं, ही त्यांची सवय. आता असल्या प्रामाणिकपणाला काय करायचं, सांगा.

तक्ता गेल्यावर चौथ्या दिवशी संस्थेचे सचिव शाळेत हजर झाले.

"अकरा वेळा, मॅडम?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि अकराही वेळा 'वर्गनियंत्रण उत्तम'? इतकं उत्तम आहे तर पुन्हा पुन्हा कशाला जायचं? डोळ्यांचं पारणं फेडायला?"

उत्तर एका वाक्याचं होतं, पण ते तोंडातून बाहेर काढायचं कसं? बाई मागच्या बाकावर बसल्या की सरांची नववी ब गप्प बसायची आणि त्या उठल्या की नाही. म्हणजे पत्रकात खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते तसंच होतं. फक्त त्या बघत होत्या, म्हणून ते तसं होतं.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या घशात गाठ निघाली. ती काढली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. त्याआधी त्यांचा तास मैदानावर ऐकू यायचा. शिपाईमामा म्हणायचे, सर शिकवायला लागले की मला घंटा वाजवायचा कंटाळा येतो, कोण ऐकणार? शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर सरांनी कागद-पेन्सिल मागितली. बाईंना वाटलं, पाणी हवं असेल, दुखत असेल. सरांनी लिहिलं होतं, "शिकवता येईल ना?" बाईंनी मान हलवून हो म्हटलं. तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं.

उरला तो एक बारीक, चिरका, मध्येच तुटणारा आवाज. घरात तो चालून जायचा. त्या आवाजातसुद्धा सर विनोद करायचे, भाजीत मीठ नाही म्हणायचे, मुलीला फोनवर सांगायचे, "तुझी आई घरात आधीपासूनच हेडमास्तर होती, शाळेला उशिरा कळलं." पण पन्नास मुलांच्या वर्गात तो आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जाईना. पहिल्या आठवड्यातच नववी ब त्याची नक्कल करायला शिकली. सरांनी कॉलरला लावायचा माइक आणला, तर मुलांनी गाण्याची फर्माईश केली. माइक दुसऱ्या दिवशी घरी परत आला आणि कपाटात गेला.

मग एका सकाळी, शर्टाची बटणं लावता लावता, बाईंकडे न बघता सर म्हणाले, "आज चौथ्या तासाला येऊन बसशील?"

"कशाला?"

"निरीक्षणाला. नियमच आहे ना."

बाई जाऊन बसल्या. वर्ग चिडीचूप. सरांनी त्या बारीक आवाजात चाळीस मिनिटं असं शिकवलं की बाई पत्रक भरायचं विसरल्या, नंतर केबिनमध्ये बसून भरलं. संध्याकाळी घरी सर शीळ घालत होते. शीळ मात्र त्यांना अजून छान जमायची. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मग विचारणंही थांबलं, नुसतं बघायचे, आणि ते बघणं बाईंना सहन व्हायचं नाही. जगात असा शिक्षक दुसरा नसेल, जो साहेबाला म्हणतो की माझी तपासणी कर, रोज कर.

सचिवांनी चष्मा खाली उतरवला. "बारावं पत्रक भरायचं, मॅडम. उद्या, चौथ्या तासाला. पण बाहेरून. व्हरांड्यात, खांबाआड. तुम्ही वर्गाला दिसता कामा नये. सोबत पर्यवेक्षक राहतील, खाली त्यांचीही सही. सरांना आधी कळवायचं नाही. वर्ग त्यांना झेपत असला तर माझं काही म्हणणं नाही. नसला, तर पुढल्या सोमवारपासून दफ्तराची खोली. जुनी हजेरीपुस्तकं लावायची. बोलायची गरज नाही, तब्येतीलाही बरं."

"तुम्ही स्वतः बघा ना," बाई म्हणाल्या. "मी त्यांची बायको आहे."

"म्हणूनच. मी लिहिलं तर म्हणाल, आकसाने लिहिलं."

त्या संध्याकाळी बाई अर्ध्या ताटावरून उठल्या. सरांनी विचारलं, डोकं दुखतंय का, आणि स्वतः उठून भांडी घासली. बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. सांगून टाकावं असं सात-आठ वेळा मनात आलं. पण सांगून काय होणार होतं? आवाज का सांगून येतो?

सकाळी सरांनी डबा पिशवीत ठेवला. "आज येशील ना? औद्योगिक क्रांतीतलं वाफेचं इंजिन आहे. छान धडा आहे गं."

"बघते," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दाची त्यांना दिवसभर लाज वाटत राहिली.

चौथ्या तासाची घंटा झाली. पर्यवेक्षक सर म्हणजे बिचारा भला माणूस. ते बाईंच्या शेजारी खांबाआड उभे राहिले आणि आपल्या बुटांकडे बघू लागले. खिडकीच्या उघड्या झडपेतून सरांचा अर्धा फळा दिसत होता, सर दिसत होते, मुलं दिसत नव्हती. ऐकू येत होती.

आधी नुसती कुजबुज. सरांनी फळ्यावर इंजिनाची आकृती काढली. आकृती सुरेख होती, त्यांचा हात कुठे गेला होता? ते वळून बोलायला लागले आणि मागून कुणीतरी बारीक शिट्टी मारली. इंजिनाची. हसू फुटलं. मग दुसरी शिट्टी दुसऱ्या कोपऱ्यातून. मग बाकावर हातांनी ठेका, गाडी सुटल्याचा. सर बोलतच होते. त्यांचा आवाज अधूनमधून त्या गोंगाटातून वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. पहिल्या बाकावरच्या कुणा मुलीने "गप्प बसा ना रे" म्हटलं, तर तिच्याही आवाजाची नक्कल झाली.

बाईंनी पत्रकावर वेळ लिहिली आणि पेन थांबलं.

सरांनी खडू खाली ठेवला आणि दाराकडे बघितलं. मग खिडकीकडे. खांबाआडून बाईंच्या साडीचा पदर एवढासा बाहेर आला होता. तो सरांना दिसला.

सबंध संसारात बाईंनी त्यांचा चेहरा असा उजळलेला फार वेळा पाहिला नव्हता. मुलगी झाली तेव्हा, आणखी एकदा-दोनदा. त्यांनी खांदे ताठ केले, बाकावर हात आपटला आणि म्हणाले, "उभे राहा. मॅडम आल्या आहेत."

वर्ग झटक्यात उभा राहिला. इतकी शांतता झाली की खडू घरंगळून जमिनीवर पडल्याचं बाहेर ऐकू आलं.

बाईंनी पदर आत ओढून घेतला.

"मॅडम," पर्यवेक्षक हळूच म्हणाले, अजूनही बुटांकडे बघत. "जायचं असेल तर जा आत. मी म्हणेन, आधी सगळं शांतच होतं. सही करतो मी. सचिवांना काय कळतंय?"

बाईंनी एक पाऊल पुढे टाकलंही होतं. दार चार हातांवर होतं. आत जायचं, मागच्या बाकावर बसायचं, झालं. पण मग उद्या? परवा? त्या आजारी पडल्या, बैठकीला गेल्या, निवृत्त झाल्या, तर? आणि मग त्यांच्या मनात ती वेडी आशा आली. आत्ता वर्ग शांत आहे. उभा आहे. मुलांना वाटतंय की मी बाहेर आहे. एवढ्या आधारावर सरांनी आज एकदा, एकदाच, माझ्याशिवाय तास निभावला तर ते सुटले. कायमचे सुटले. आणि खरं सांगायचं तर त्या आशेखाली आणखी एक गोष्ट होती, जी बाईंनी स्वतःलाही नंतरच कबूल केली. त्या थकल्या होत्या. अकरा वेळा त्या नवऱ्याचा आवाज होऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांना बाराव्यांदा नको होतं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. खांबाआडून निघून त्या व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पर्यवेक्षक मागोमाग आले.

एक मिनिट गेलं. सरांचा बारीक आवाज स्पष्ट ऐकू येत होता, वाफ, दाब, चाक. दोन मिनिटं. तीन. पर्यवेक्षकांनीही मान वर केली.

मग वर्गातून एक आवाज आला. बारीक, चिरका, मध्येच तुटणारा. सरांचाच वाटावा इतका हुबेहूब. "कुठे आहेत मॅडम, सर?"

पुढे जे झालं ते लिहून काढायला पत्रकात रकाना नव्हता. छत उडेल असं हसू, बाकांचा ठेका, पन्नास शिट्ट्या. शेजारच्या वर्गातल्या भाषेच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. आणि त्या सगळ्याच्या खालून, मधूनमधून, सरांचा आवाज येतच होता. ते थांबत नव्हते. थांबले असते, बाहेर पडले असते, निदान कुणावर डस्टर फेकून मारलं असतं तरी बाईंना बरं वाटलं असतं. सव्वीस मिनिटं ते शिकवत राहिले आणि सव्वीस मिनिटं बाई जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या.

मधल्या सुट्टीत सर केबिनमध्ये आले. बाह्यांवर खडूची भुकटी होती. सचिव शेजारच्या खोलीत चहा पीत होते, दार उघडंच होतं.

"बसा ना, सर," बाई म्हणाल्या. ज्या दिवशी त्या मुख्याध्यापक झाल्या त्याच दिवशी दोघांनी स्वयंपाकघरात ठरवलं होतं, शाळेत सर आणि मॅडम, अहो नाही आणि तू नाही.

सर बसले नाहीत. त्यांनी पत्रक उचललं आणि उभ्यानेच वाचलं. विषयाची तयारी, उत्तम. फलकलेखन, उत्तम. वर्गनियंत्रण या शब्दापुढे बाईंनी "नाही" एवढंच लिहिलं होतं. खाली त्यांची सही, पर्यवेक्षकांची सही, आणि "शेरा वाचला" याच्यापुढची रिकामी जागा.

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं. "तुम्ही जिन्यापाशी थांबला होतात ना, मॅडम?"

बाईंनी टेबलावरचा तक्ता बाजूला सारला.

"पावलं ऐकली मी. जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. खाली उतरली नाहीत." बोलताना त्यांचा आवाज दोनदा तुटला, दोन्ही वेळा त्यांनी वाक्य पहिल्यापासून म्हटलं. "मला वाटलं, येतीलच आता. म्हणून रेटत राहिलो. नाहीतर ती नक्कल झाली तेव्हाच सोडून दिलं असतं."

त्यांनी सही केली. नेहमीसारखी, वळणदार, खाली रेघ ओढून. पत्रक बाईंच्या पुढ्यात नीट सरळ ठेवलं आणि दाराकडे वळले. मधली सुट्टी संपत आली होती आणि पाचव्या तासाला त्यांची आठवी होती. सोमवारपर्यंत ती त्यांचीच होती.

"अहो," बाई म्हणाल्या. शाळेत पहिल्यांदाच. शेजारच्या खोलीत कपबशीचा आवाज थांबला.

सर दारात थांबले, पण वळले नाहीत.

"शाळेत सर म्हणायचं," ते म्हणाले. "आपलंच ठरलंय." आणि खडूची पेटी घेऊन ते आठवीच्या वर्गाकडे गेले.