हॅस्केटचं होल्स्टर

लॉज क्रीकच्या आजूबाजूला पन्नास मैलांत कातडी कामात व्हर्लिन हॅस्केटचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे सगळ्यांत आधी व्हर्लिनच सांगायचा. चाळीस वर्षं तो खोगिरं आणि कमरेला पिस्तूल अडकवायची होल्स्टरं शिवत आला होता. त्याचं होल्स्टर इतकं मऊ, की अख्खा दिवस घोड्यावर काढला तरी कमरेला टोचायचं नाही. वर रानगुलाबाची कोरीव वेल. दुकानात आलेला माणूस आधी तिच्यावरून हात फिरवायचा, मग किंमत विचारायचा.

त्या शनिवारी व्हर्लिनची मान नेहमीपेक्षाही ताठ होती आणि कारण वेगळं होतं. बारा वर्षं शेरीफच्या खात्यात काढलेली त्याची मुलगी डीना गावच्या चांदमारीवर पिस्तूल चालवण्याचा दोन दिवसांचा वर्ग घेणार होती. आजवर तिथे बाहेरगावचे मास्तर यायचे, तेही सगळे पुरुष. चांदमारी चालवणाऱ्या क्लबाने डीनाला ही एकच संधी दिली होती. वर्ग नीट पार पडला तर पुढचे वर्गही तिचे, नाहीतर पुन्हा बाहेरचा मास्तर. आठ जणांनी नावं दिली, त्यांत पहिलं नाव व्हर्लिनचं. सत्तरीत आता काय शिकणार, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, शिकायचं काही नाही, बघायचंय.

डीनाने आधीच सगळ्यांना यादी पाठवली होती. होल्स्टर कडक हवं, चाप पूर्ण झाकणारं हवं, ज्या हाताने पिस्तूल धरता त्याच बाजूला कमरेवर घट्ट बसणारं हवं, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही त्याचं तोंड उघडं राहायला हवं. व्हर्लिनने ती यादी वाचली आणि तो खूश झाला. कुठूनतरी कापडी पोतडी उचलून आणणाऱ्यांना पोरीने बरी वेसण घातली होती. यादी हॅस्केटच्या होल्स्टरलाही लागू असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. खरं तर कोणाच्याच आलं नाही. त्याच्याखेरीज आणखी चार जण त्याचंच होल्स्टर लावून आले होते.

वारा सुटला होता आणि लोकांनी टोप्या डोळ्यांपर्यंत ओढल्या होत्या. डीना एका घडीच्या टेबलामागे उभी होती. टेबलावर खोकं होतं आणि त्यात काळ्या प्लास्टिकची साधी होल्स्टरं, ज्यांचं चालणार नाही त्यांच्यासाठी. पहिला कोण, असं तिने विचारताच व्हर्लिन पुढे झाला. पिस्तूल रिकामं असल्याची तिने दोनदा खात्री केली.

"मिस्टर हॅस्केट, पिस्तूल बाहेर काढा."

बापाला मिस्टर म्हटल्यावर मागे खसखस पिकली. व्हर्लिनने झोकात पिस्तूल काढलं. त्याबरोबर होल्स्टरचं तोंड अलगद मिटलं, नेहमी मिटायचं तसं. यालाच तो नजाकत म्हणायचा.

"आता खाली न बघता, एकाच हाताने परत ठेवा."

नळी कातड्यावर आपटली आणि कड आत दुमडली. व्हर्लिनचा डावा हात सवयीने पुढे आला आणि दोन बोटांनी त्याने तोंड उघडून धरलं.

"थांबा," डीना म्हणाली. "नळी आत्ता कुठे बघतेय?"

व्हर्लिनने खाली पाहिलं. नळी त्याच्याच दोन बोटांकडे बघत होती.

हसणं थांबलं. मग गस थॉर्सन बोलला. गस म्हणजे व्हर्लिनचा शेजारी, तीनशे गाईंचा मालक आणि फाटक्या तोंडाचा. "डीना, तू रांगत होतीस तेव्हापासून हे माझ्या कमरेला आहे. तुझ्या बापाचं चालत नसेल तर आमचंही नाही. मग आम्ही निघतो." बाकीच्या तिघांनी लगेच आपापली पिशवी उचलली.

डीनाचे कान लाल झाले. लहानपणी रडू यायच्या आधी व्हायचे, अगदी तसेच. व्हर्लिनला कळत होतं, तिने नुसतं 'बरं, या वेळेपुरतं चालेल' म्हटलं तरी सगळं निभावलं असतं. तिने बापाकडे मदतीसाठी पाहिलंसुद्धा नाही.

"हे चालणार नाही," ती म्हणाली. "दुमडलेलं कातडं चापात अडकलं तर गोळी सुटते. बोटं आड आली तर बोटं जातात. होल्स्टर कोणी शिवलंय, हे गोळी विचारत नाही."

व्हर्लिनला राग आला, आणि तो थोडाथोडका नव्हता. गावासमोर, स्वतःच्या पोरीने! काहीतरी लागेलसं बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर गसच्या डाव्या हातावर गेली. मग बाकीच्या तिघांच्या. सगळी बोटं जागेवर होती. इतकी वर्षं ती शाबूत राहिली ते नशिबाने, आणि त्या नशिबाला तो आपली कारागिरी समजत आला होता. शिवाय म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. आज बापाला सोडलं तर उद्या कोणीही काहीही बांधून येणार.

त्याने पट्टा सोडला आणि रानगुलाबाचं होल्स्टर टेबलावर ठेवलं.

"ते काळं दे," तो म्हणाला.

"व्हर्लिन, तू प्लास्टिक लावणार?" गसने विचारलं.

"लावणार. तुझंही ठेव इथे. मी शिवलंय ते, त्यात काय कमी आहे ते मलाच ठाऊक असायला हवं होतं. तिला ठाऊक आहे."

गसने एक शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही, आणि पट्टा सोडायला घेतला. मग बाकीच्यांनीही पिशव्या खाली ठेवल्या.

डीनाने बापाला जराही सूट दिली नाही. होल्स्टरकडे बघतो म्हणून सकाळभरात तीनदा झापलं आणि तिन्ही वेळा व्हर्लिन "हो मॅडम" म्हणाला. जेवायच्या सुट्टीत ती त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर येऊन बसली.

"बाबा, रागावलास?"

"रागावलो होतो. अकरा वाजेपर्यंत."

"मग?"

"मग भूक लागली." त्याने आपल्या सँडविचमधलं अर्धं तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने न बघता, एका हाताने, लागोपाठ दहा वेळा पिस्तूल जागेवर ठेवलं. डीना "चांगलं" म्हणाली, सगळ्यांना म्हणत होती तेवढंच. पण व्हर्लिनचा ऊर भरून आला.

सोमवारी दुकानाच्या काचेवर पाटी लागली: हॅस्केटचं जुनं होल्स्टर कोणाकडे असेल तर परत आणा, तोंडाला आतून पोलादी पट्टी बसवून कडक करून देतो, पैसे नाहीत. दुपारी कातडं पुरवणारा विक्रेता आला. पाटी वाचून तो टोपी काढायची विसरला. चाळीस वर्षांचं नाव असं आपल्याच हाताने काचेवर टांगतोस, असं त्याने विचारलं. हा दोष काढला तरी कोणी?

व्हर्लिनने हातातला टोचा खाली ठेवला.

"माझ्या मुलीने," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत मलासुद्धा दिसला नव्हता. तिने एका मिनिटात काढला."