उकिरड्याचं पोट बिघडलं तेव्हा

भाताच्या रोपांच्या वाफ्यात एक कोंब उगवला आहे. तो सरळ नाही. मातीवर काळा, चकचकीत पापुद्रा आहे. त्याखाली कोंब आडवा वाढला आणि पापुद्रा तडकला होता तिथून त्यानं डोकं बाहेर काढलं. शेंडा हिरवा आहे. उजेड न मिळालेला खालचा भाग पांढराच राहिला आहे. आजूबाजूला दुसरा कोंब नाही. तो पापुद्रा माझ्या पोटातून आला, म्हणून ही हकीकत मीच सांगतो.

मित्रांनो, मी नेरे गावातला एक जुना उकिरडा आहे. नाक मुरडू नका! कुठे घाण दिसली की माणसं म्हणतात, ‘काय उकिरडा करून ठेवलाय!’ मला ते फार लागतं. माझ्या मालकीण सारजाबाईंच्या सासऱ्यांनी गोठ्यामागे मला खणलं. शेण, राख, पाचोळा, भाजीची देठं सगळं माझ्याकडे येई. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव ते कुजवत. त्या कामाची ऊब इतकी, की थंडीत कुत्री माझ्या कडेला झोपत. उन्हाळ्यात काळंभोर खत निघे. सारजाबाई मूठभर खत हुंगून म्हणत, “माझा उकिरडा लई गुणाचा हाय.”

मग हिंजवडीत कंपन्या आल्या. सारजाबाईंच्या मुलानं, किशोरनं, गोठा पाडून भाड्याच्या खोल्या बांधल्या. मोटार लावायला जागा हवी म्हणून कुंपणाची भिंत हातभर गल्लीत सरकवली. तेव्हापासून घंटागाडी कोपऱ्यावरच थांबते.

गौतमी नावाची भाडेकरू ओला-सुका कचरा वेगळा ठेवते. ती म्हणाली, “दादा, गाडी दारात आली तर पिशव्या बाहेर ठेवून कामावर जाता येईल.” किशोरनं माझ्याकडे बोट केलं. “टाका की तिकडं मागं. उकिरडा कशाला हाय?”

कशाला आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं? डायपर, दुधाच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या माझ्यात पडू लागल्या. देठ कुजवणारे माझे जीव प्लास्टिकचं काय करणार? मला वास येऊ लागला, आणि ज्यांनी तो आणला तेच नाकाला रुमाल लावून मला शिव्या देऊ लागले.

किशोरनं गाडीवाल्या नौशादला दटावलं, “बारकी गाडी आण की!”

“गाडी हाय तेवढीच हाय. गल्ली बारीक झाली,” नौशाद दारातल्या सारजाबाईंकडे बघून हसला. “कुणी केली, ते भितीला इचारा. मावशी, भित मागं घ्या, गाडी तुमच्या चुलीपतोर आणतो.”

सारजाबाई म्हणाल्या, “बघू.” मुलानं हौसेनं बांधलेली भिंत, त्याला दुखवायचं कसं? दरवर्षी त्या ‘बघू’च म्हणाल्या.

आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी वाफ्यावर राब भाजतात, म्हणजे शेण आणि पालापाचोळा पसरून पेटवतात. यंदा किशोरनं पाला गोळा करायचा कंटाळा केला आणि माझ्याच वरच्या थरातली घमेली भरून नेली. “आये, आगीत समदं जळतंय.” जळलं नाही. काळा धूर झाला, प्लास्टिक वितळून मातीवर पसरलं आणि थिजलं. त्यावरच बी पडलं; तडकलेल्या जागेतून एखादाच दाणा खाली मातीत गेला. घराकडे भाताचं एवढंच एक खाचर उरलं आहे. त्याची रोपं या वाफ्यातून निघायची होती.

मित्रांनो, कुजेल ते मला द्या. न कुजेल ते गाडीला द्या, आणि तिची वाट अडवू नका. याहून जास्त मी काय मागतो?

आज सकाळी सारजाबाई वाफ्यात बसल्या. त्यांनी नखानं एक पापुद्रा उचलला. त्यावर दुधाच्या पिशवीवरची निळी अक्षरं अजून वाचता येत होती.

“आये, रोपं माले गावातनं इकत आणू,” किशोर म्हणाला.

“आन् पुढल्या साली?”

“बघू.”

आपलाच शब्द मुलाच्या तोंडून ऐकून सारजाबाईंनी हातातला पापुद्रा त्याच्या पुढ्यात टाकला. कोपऱ्यावर घंटा वाजली. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नौशाद, उद्यापासनं गाडी आत आण! किशोर, पहार घे. ही भित आजच पाडायची.”