बिनलेबलची पुडी

नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, तिला एक पुडी सापडली. आत चॉकलेटी भुकटी. वर ना नाव ना घटक, नुसतं उधळलेल्या घोड्याचं चित्र. घोडा कशासाठी असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

गेले कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून झोपत होता. तिनं खांद्यावर हात ठेवला की उद्याच्या कामाचं काढायचा. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर कॉम्प्रेसर उचलतो, दमत असेल, अशी तिनं आधी स्वतःची समजूत घातली. पण दमलेला माणूस घोरतो. हा टक्क जागा असायचा. मग कुठंतरी पाणी मुरतंय असं तिला वाटायला लागलं. फोन पालथा ठेवणं, आंघोळीला लागणारा वेळ, एका गिऱ्हाईकबाईचा सारखा बिघडणारा फ्रिज, सगळं ती मनात जमवत गेली. जमवलेल्या गोष्टी एकमेकींना चिकटायला फार डिंक लागत नाही.

त्यात आता ही पुडी. ज्याला घरात बायकोकडे बघायला सवड नाही, त्याला घोडा हवा कुणासाठी?

तो जेवायला बसल्यावर तिनं पुडी ताटाशेजारी ठेवली.

"कुणासाठी घेता ही?"

आधी तो म्हणाला, मित्राची आहे. कुठला मित्र, ते काही त्याला सांगता येईना. मग त्यानं ताट बाजूला सरकवलं.

"तुझ्यासाठीच घेतली. काही होत नाही गं माझ्याकडून. पुडीनंही झालं नाही, नुसतं डोकं ठणकायचं. मग तोंड फिरवून पडायचो."

तिचा विश्वास बसला नाही. पकडला गेल्यावर कुणीही असंच बोलेल. डोकं ठणकायचं, आणखी काय व्हायचं, तिनं खोदून विचारलं. पांढरा फ्रिजसुद्धा निळसर दिसायचा, तो म्हणाला. चष्म्याचा नंबर बदलला असेल, तिलाच विचारणार होता.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नंबर बदलला की धूसर दिसतं, निळं नाही. संशय तसाच राहिला, पण त्यातला थोडा पुडीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी पुडी उलटसुलट करून पाहिली. जडीबुटी म्हणून विकतात, त्या म्हणाल्या, पण अशा पुड्यांमध्ये कधीकधी ताठरतेच्या गोळीतलं खरं औषध गुपचूप मिसळलेलं असतं. निळं दिसणं त्याचंच असू शकतं. मग त्यांनी सरळ विचारलं, "सकाळी झोपेतून उठताना ताठरता येते? कधीतरी?"

बाई समजावून सांगू लागल्या. ताण असेल किंवा मन दुसरीकडे असेल, तर झोपेत शरीर बहुधा आपलं काम करत राहतं. तेही होत नसेल, तर दोष शरीरातच शोधायचा.

ती खुर्चीच्या कडेला सरकली. तिला जे विचारायचं होतं, ते हेच होतं.

"नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बरेच दिवस झाले. सकाळीही नाही."

खरं होतं. शेजारी तीच तर झोपत होती, तसं काही असतं तर तिच्या लक्षात आलं असतं. गिऱ्हाईकबाई, फोन, आंघोळ, एकेक करून सगळं गळून पडलं. तिला हसूच यायच्या बेतात होतं.

बाई मात्र हसल्या नाहीत. "वजन घेऊन जिना चढताना छातीत दाटतं?"

"थोडं. ओझ्यानं."

"तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. अडथळा असला तर कधीकधी आधी तिथं कळतं. तुमचं तसंच असेल असं नाही."

त्यानं प्रथमच मान वर केली. "फ्रिजमध्येही बारीक नळीच आधी चोक होते. गिऱ्हाईक उगाच कॉम्प्रेसरला शिव्या घालतं."

"मी तुमचा कॉम्प्रेसरही तपासणार आहे," बाई म्हणाल्या. रक्तातली साखर, चरबी, हृदयाचा आलेख, सगळं त्याच दिवशी करायला सांगितलं. पुडी काढून घेतली. छातीत कळ आली असती आणि कुणी जिभेखाली हृदयविकाराची गोळी ठेवली असती, तर पुडी आणि गोळी मिळून रक्तदाब धाडकन कोसळला असता, म्हणाल्या. उपाय आहेत, पण आधी तपासण्या.

तपासणीची खोली वरच्या मजल्यावर होती. हत्यारांची पिशवी आज तिच्या खांद्यावर होती. जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली आणि कान देऊन त्याचा श्वास ऐकू लागली.

"धाप लागलीय तुम्हाला."

"छे गं."

तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. इतके महिने बघत होती, तसंच.

"खोटं बोलू नका."

त्यानं कठड्याला हात टेकला. "थोडी लागलीय," तो म्हणाला, आणि पायरीवर बसला. ती वर कुणाला तरी बोलवायला धावली.