न्यू गिनीतली हाडं

प्रतापने ओकादांना दोह्यातल्या अल मुंतझा भागातल्या आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं, त्याला कारण होतं. वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या छताचं काम संपत आलं होतं आणि नोकरी पुढे राहणार की नाही, हे या जपानी साहेबाच्या शब्दावर होतं. नाशिकहून आलेले प्रतापचे वडील, देवीदास अण्णा, त्या महिन्यात तिथेच होते. त्यांनी आतल्या खोलीत जेवावं असं प्रतापला वाटत होतं. शैलजाने नवऱ्याचं ऐकलं नाही.

प्रतापची भीती अगदीच खोटी नव्हती. अण्णा लहान असताना, दुसऱ्या महायुद्धात, इंग्रजांच्या इंडियन आर्मीत असलेले त्यांचे वडील सिंगापुरात जपान्यांचे कैदी झाले. पुढे त्यांना बोटीत कोंबून पॅसिफिकमधल्या न्यू गिनी बेटावर नेलं, विमानांची धावपट्टी बांधायला. वरून अमेरिकन बॉम्ब पडत होते आणि पोटात काही नव्हतं. युद्ध संपल्यावर शेजारच्या गावचा एकजण नुसता हाडांचा सापळा होऊन परतला. तो म्हणाला, आम्ही गवत उकडून खायचो; याच्या बापाला डोंगरात पुरला, कुठे ते आठवत नाही. सरकारदरबारी मात्र ते 'बेपत्ता' राहिले. अण्णांच्या आईने मरेपर्यंत कुंकू लावलं, आणि गावात हळदीकुंकवाला तिला कधी कोणी बोलावलं नाही.

शैलजाने बेतानेच तिखट घालून मसालेभात केला होता. जेवता जेवता ओकादा मोकळे झाले. इंग्रजीत सांगू लागले, "माझे आजोबा न्यू गिनीच्या लढाईत गेले. गोळीने नाही, उपासमारीने. आमच्याकडची माणसं अजून तिथे हाडं शोधायला जातात. मीही गेलो होतो."

अण्णांना त्यातलं 'न्यू गिनी' तेवढं कळलं. "प्रताप, विचार त्यांना. आपली माणसं सापडली का?"

प्रतापने विचारलं. ओकादांनी चमचा खाली ठेवला. "सापडली. पट्ट्याच्या बकलांवरून कळलं, इंडियन आर्मीची होती. आमची नव्हती, म्हणून परत मातीआड केली."

"कोणी सापडलं नाही म्हणतात," प्रताप मराठीत म्हणाला.

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. "शैलजा, तू सांग."

शैलजाने हातातला डाव पातेल्यात ठेवला. "सापडली होती, अण्णा. त्यांची नव्हती म्हणून पुन्हा पुरली."

अण्णा म्हणाले, "कोणाला कळवलं का, विचार."

हे शैलजानेच विचारलं. ओकादा ताटाकडे बघत म्हणाले, "नाही. पाऊस येत होता. परतायची गाडी थांबली होती."

शैलजाने तेही सांगितल्यावर अण्णा अर्ध्या जेवणावरून उठून आत गेले.

"सॉरी, ओकादा-सान," प्रताप घाईघाईने म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. मनावर घेऊ नका."

ओकादा गेल्यावर तो आत आला, तेव्हा अण्णा बॅग भरत होते.

"त्या माणसावर कसला राग काढता, अण्णा? त्याचाही आजोबा तिथेच उपाशी मेला."

"त्याच्यावर नाही राग. उपाशी मेलेल्याच्या नातवावर काय रागवायचं?" अण्णांनी सदऱ्याची घडी घातली. "तू सॉरी कशाबद्दल म्हणालास, ते सांग."

"मला इथं टिकायचंय, अण्णा."

"टिक," अण्णा म्हणाले.

ते त्याच आठवड्यात परत गेले. प्रतापची नोकरी राहिली.

पितृपक्षात अण्णांनी गोदाकाठी वडिलांचं श्राद्ध घातलं, आयुष्यात पहिल्यांदा. शैलजा तेव्हा नाशिकला होती. तिने प्रतापला व्हिडिओवर जोडून दिलं. साइट ऑफिसात बसून तो बघत होता. गुरुजींनी तिथी विचारली. "माहीत नाही," अण्णा म्हणाले, "म्हणून तर सर्वपित्रीला आलो."

एवढ्यात दारातून कोणीतरी हाक मारली, "यल्ला, चला, मीटिंग!" ओकादा फायली घेऊन आत येत होते. प्रतापने आवाज बंद केला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.