एक खोकला होय, दोन खोकले नाही

सकाळी नऊ वाजता देशाच्या कनिष्ठ सभागृहाच्या एक माननीय सदस्या जिन्याखालच्या खोलीत, ट्रंकेवर ताटली ठेवून, नाश्ता करत होत्या. खोलीला खिडकी नव्हती. खिडकीची खोली समोर होती आणि तिथे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा फोटो राहायचा. फोटोला उजेड लागतो, असं दिराचं म्हणणं होतं.

नवरा त्याच सभागृहाचा सदस्य होता. तो गेला तेव्हा जागा रिकामी झाली. जागा घराबाहेर जाऊ नये म्हणून दिराने पोटनिवडणुकीला वहिनीला उभं केलं. प्रचारात तिने फक्त डोळे पुसायचे होते. ते तिला शिकवावं लागलं नाही. ती निवडून आली आणि दिराच्या खोलीवर ‘सदस्य कार्यालय’ अशी पाटी लागली.

सभागृहात तिच्या बाकावर दोन बटणं होती. हिरवं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही. दीर वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसायचा. तिथे बोलायला बंदी होती, हातवारे करायला बंदी होती, खोकायला नव्हती. एक खोकला होय, दोन खोकले नाही. एकदा त्याला खरोखरच सर्दी झाली, तेव्हा मतदानाच्या दहा सेकंदांत तिने बंदरांच्या विधेयकाला चार वेळा पाठिंबा दिला आणि चार वेळा विरोध केला. कुणालाच काही वाटलं नाही.

कामकाजाच्या छापील नोंदीत तीन वर्षांत तिच्या नावावर एकच वाक्य होतं: ‘माननीय सदस्या उभ्या राहिल्या व बसल्या.’ तिला पाणी प्यायला जायचं होतं. उपाहारगृहात सगळे तिला आपुलकीने वहिनी म्हणायचे आणि दुसऱ्या टेबलावर बसायचे.

“वहिनी, आज दुपारी मास्तरांचं विधेयक आहे,” दीर दारातून म्हणाला. मास्तर म्हणजे विरोधी बाकांवरचे एक निवृत्त शिक्षक. “लक्षात ठेवा, दोन खोकले.”

“कसलं आहे विधेयक?”

“तुम्हाला काय करायचंय? विधवेला राहत्या घरातून काढता येणार नाही, असलं काहीतरी. म्हातारा खुळावलाय. आणि हो, ही ट्रंक जरा भरून ठेवा. या निवडणुकीला माझा धाकटा मुलगा उभा राहतोय. पोस्टर ठेवायला खोली लागेल.”

“मग मी कुठे जाऊ, भाऊजी?”

“बघू की! आधी मतदान तर होऊ द्या.”

आठवड्याची शेवटची दुपार सरकारची नव्हे, तर सदस्यांनी स्वतः आणलेल्या विधेयकांची असे. अशी विधेयकं मंजूर होत नाहीत म्हणून कुणी येत नसे, आणि कुणी येत नसे म्हणून ती मंजूर होत नसत. मास्तर बावीस मिनिटं खुर्च्यांशी बोलले.

“माझी थोरली बहीण त्या घरात अठ्ठावीस वर्षं राबली,” ते शेवटी म्हणाले. “मेहुणे गेल्यावर महिन्याभरात तिची ट्रंक ओसरीवर आली. एवढंच सांगायचं होतं.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.”

“होय,” मास्तर एकटेच म्हणाले.

“प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.”

पाच-सहा जण जागे होऊन “नाही” म्हणाले. वरून दोन खोकले आले.

“माझ्या मते नाही म्हणणारे बहुमतात आहेत,” अध्यक्ष म्हणाले आणि सवयीप्रमाणे थांबले. त्या थांबण्यात कुणीही सदस्य हरकत घेऊ शकतो. मग घंटा वाजते, बाहेरच्यांना आत यावं लागतं, दारं बंद होतात आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी छापलं जातं. त्या थांबण्याचा उपयोग बहुतेक जण चष्मा पुसायला करत.

ती उभी राहिली.

“वहिनी, पाणी तिथेच पाठवतो, बसा,” अध्यक्ष म्हणाले.

“पाणी नको. मतविभाजन हवंय.”

वर दोन खोकले. मग आणखी दोन. मग इतके की पहारेकऱ्याने दिराला धरून डॉक्टरकडे नेलं.

घंटा वाजली. उपाहारगृहातून माणसं तोंड पुसत आली. तिच्या पक्षाचा प्रतोद, म्हणजे सदस्यांना मत सांगणारा माणूस, धावत तिच्या बाकाशी आला. “वहिनी, लाल! पक्षाचा आदेश आहे. सदस्यत्व जाईल!”

“तीन महिनेच उरलेत,” ती म्हणाली, “आणि ते माझं होतं कधी?” दारं बंद झाली. दहा सेकंदांत तिने एकच बटण दाबलं, एकदाच.

विधेयक पडलं. होय दोन, नाही एकशे चौदा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ट्रंक ओसरीवर होती. कुणीतरी नीट भरली होती, ताटलीसकट. दार आतून बंद होतं. समोरच्या खोलीत दिवा होता आणि फोटो जागच्या जागी होता. त्याला कुणी काढणार नव्हतं.

ट्रंकेवर बसून तिने मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, पडलेलं विधेयक पुन्हा मांडता येतं?”

“पुढच्या अधिवेशनात येतं. पण बाई, तोपर्यंत तुम्ही राहणार कुठे?”

“तेच तर त्यात लिहिलंय, मास्तर,” ती म्हणाली.